भांडा, पण आमच्या प्रश्नावर: सांगलीकर मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, जत, कुठेही चार माणसांत राजकारणाचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून दोन वाक्यांवर येतं. "सगळे सारखेच" आणि "आपल्या हातात काय आहे?" थोडं थांबून ऐकलं तर त्या वैतागाखाली नेमके प्रश्न सापडतात. नागरिकांच्या बैठकांत, ग्रामसभांत आणि मार्केट यार्डातल्या गप्पांत जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना पक्ष पाहिलेला नाही, मतदाराची बाजू मात्र घेतली आहे.

विधिमंडळात नुसता गोंधळच चालतो का? कामकाज काही होतं का?

होतं, आणि जेव्हा होतं तेव्हा ते बघण्यासारखं असतं. विधानसभेत २८८ आमदार, विधान परिषदेत ७८. वर्षाला तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. दिवसाची सुरुवात साधारणपणे प्रश्नोत्तराच्या तासाने होते. आमदाराने बरंच आधी लेखी दिलेला तारांकित प्रश्न पुकारला जातो, मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. पुढे लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधून उत्तर मागणं), विधेयकं, पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी), चर्चा.

या सगळ्यात आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त उपयोगी तो प्रश्नोत्तराचा तास, आणि गोंधळात पहिला बळी जातो तोही त्याचाच. सभागृह तहकूब झालं तरी उत्तर छापील स्वरूपात पटलावर येतंच. पण ते छापील उत्तर एकदा वाचून बघा. "हे खरे आहे काय?" याला उत्तर "हे अंशतः खरे आहे." "असल्यास, कोणती कारवाई केली?" याला उत्तर "कार्यवाही सुरू आहे." शेवटी "विलंबाची कारणे काय?" आणि त्यापुढे "प्रश्न उद्भवत नाही." आमदार जागेवर उभा असता तर त्याने विचारलं असतं की अंशतः म्हणजे किती, आणि कार्यवाही कुणाच्या टेबलावर सुरू आहे? हा दुसरा प्रश्नच मंत्र्याला आणि अधिकाऱ्यांना खरा अवघड जातो. सभागृह बंद पडलं की तो विचारलाच जात नाही.

गोंधळामुळे कामं अडतात, असंच ना?

अर्धं बरोबर. सरकारची कामं फारशी अडत नाहीत. घोषणाबाजी चालू असताना विधेयकं मंजूर होतात, हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या आवाजी मतदानाने पार पडतात. अडते ती चर्चा. कुठल्या खात्याला पैसे किती, कशासाठी, गेल्या वर्षीचे कुठे गेले, हे विचारायची वेळ निघून जाते.

म्हणून "भांडणं थांबवा" ही मागणी मला पुरेशी वाटत नाही. विरोधकांनी भांडलंच पाहिजे, त्यासाठीच त्यांना निवडून दिलेलं असतं. सत्ताधाऱ्यांनीही आपल्या सरकारला टोचलं पाहिजे. आपली मागणी अशी हवी: भांडा, पण आमच्या प्रश्नावर, सभागृहात बसून, उत्तर मिळेपर्यंत. सभागृह बंद पाडून जो विरोध होतो, त्याचा फायदा बहुतेक वेळा उत्तर टाळू पाहणाऱ्या मंत्र्यालाच होतो.

अधिवेशनं इतकी छोटी का असतात?

कारण मोठी घ्यायची सक्ती नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ प्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, एवढंच बंधन आहे. वर्षाला किमान किती दिवस बसावं, हे घटनेत लिहिलेलं नाही. २०२४ चं नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर एवढंच होतं. विदर्भाच्या प्रश्नांना वेळ मिळावा म्हणून १९५३ च्या नागपूर कराराच्या आधाराने तिथे दरवर्षी अधिवेशन भरतं. विदर्भातल्या लोकांना या सहा दिवसांबद्दल काय वाटत असेल, ते आपल्या दुष्काळी, दुर्लक्षित जतच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पायऱ्यांवर फलक धरून घोषणा देण्यात काय अर्थ आहे?

कॅमेरे तिथे असतात. दहा मिनिटांचं आंदोलन संध्याकाळच्या बातम्यांत दिसतं, तासभराची अभ्यासू लक्षवेधी दिसत नाही. आमदारांना ही सवय लागली त्यात आपल्या बघण्याचाही वाटा आहे. मतदारसंघातले लोक कोणता व्हिडिओ एकमेकांना पाठवतात, यावर आमदाराचं आणि त्याच्या कार्यालयाचं बारीक लक्ष असतं.

गोंधळ घालणाऱ्या आमदारांना वर्षभर घरी का बसवत नाहीत?

तसं करून झालं आहे. ५ जुलै २०२१ रोजी भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं गेलं. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन नेता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

त्यामागचं कारण मतदाराने समजून घ्यावं असं आहे. आमदाराची जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा रिकामी होत नाही, पण तिथून कुणी बोलूही शकत नाही. म्हणजे शिक्षा आमदाराबरोबर त्या मतदारसंघातल्या लाखो माणसांनाही होते. १७ जुलै २०२५ ला विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांमध्ये हाणामारी झाली. त्यातले एक आमदार आपल्या जिल्ह्यातल्या जत मतदारसंघाचे. तो प्रकार बघून संताप येणं स्वाभाविक होतं, मलाही आला. पण जतचं सभागृहातलं तोंड बंद करून जतकरांना काय मिळालं असतं? दंगा करणाऱ्यावर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी, माफी मागायला लावावी, आणि आमदाराला जागेवर बसून जतचे प्रश्न विचारायला लावावेत.

मुंबईत सरकार नसलं, तर सांगलीतल्या माणसाला काय फरक पडतो?

याचं उत्तर तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली शहरात पाणी घुसलं, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं गेली. पूर ओसरून लोक सावरतात तोवर ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. स्पष्ट कौल मिळालेल्या युतीत मुख्यमंत्रिपदावरून वाद पेटला आणि सरकार बनेना.

त्याच दिवसांत अवकाळी पाऊस सुरू होता. ज्यांनी फळछाटणी वेळेत घेतली होती, त्यांच्या बागा फुलोऱ्यात होत्या. वेलीखाली पाणी साचलेलं, ट्रॅक्टर आत जात नाही, औषध मारावं तर दोन तासांत पाऊस ते धुऊन नेतो. दावण्या रोग पसरत होता, घड कुजत होते. एका बागेत पावसात उभ्या माणसाने घड हातात घेऊन नुसता हलवला, तर अर्धे मणी खाली पडले. त्याचं पीककर्ज मार्चमध्ये फेडायचं होतं. मदतीचा निर्णय कोण घेणार, हे त्याला सांगू शकेल असं तालुक्यात कुणी नव्हतं, कारण मुंबईतच ते ठरलेलं नव्हतं.

१२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. मग राज्यपालांनी मदत जाहीर केली: खरीप पिकांना हेक्टरी ८,००० रुपये, फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. द्राक्षाच्या एका एकराला लागणारा खर्च ज्यांना माहीत आहे, त्यांना ही रक्कम किती तोकडी होती ते कळेल. २३ नोव्हेंबरला पहाटे एक शपथविधी झाला, ते सरकार काही दिवसांत पडलं, आणि २८ नोव्हेंबरला दुसरं सरकार आलं. निकालापासून महिन्याहून जास्त काळ गेला. रकमेवर वाद घालायला, वाढवून मागायला समोर मंत्रीच नव्हता, ही त्या महिन्यातली खरी अडचण होती.

पुढे २०२४ मध्येही वेगळ्या स्वरूपात हेच दिसलं. बहुमत प्रचंड होतं, ५ डिसेंबरला शपथ झाली, पण पालकमंत्र्यांची यादी निघायला १८ जानेवारी २०२५ उजाडला. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. जिल्ह्याच्या आराखड्यातला पैसा कुठे जायचा, ते त्याच समितीत ठरतं.

सरकार असूनही महत्त्वाच्या खुर्च्या रिकाम्या कशा राहतात?

भांडण मिटत नाही म्हणून. विधानसभेचं अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१ ते जुलै २०२२ रिकामं होतं, कारभार उपाध्यक्षांवर चालला. विधान परिषदेतल्या राज्यपालनियुक्त १२ जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. तत्कालीन सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये नावं पाठवली, राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे कर्तव्य आहे, तरी फाइल हलली नाही. पुढच्या सरकारने ती यादी मागे घेतली. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या १२ पैकी सात जागा भरल्या.

साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणत्या माणसांसाठी त्या जागा घटनेत ठेवल्या आहेत. सांगलीसारख्या, सहकारावर उभ्या राहिलेल्या आणि नाट्यपंढरी म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याला त्या रिकाम्या राहिल्याचं दुःख जरा जास्तच वाटायला हवं.

२०२४ च्या निकालानंतर विधानसभेला विरोधी पक्षनेताही मिळाला नाही. एक दशांश, म्हणजे २९ आमदार असलेल्या पक्षाला ते पद द्यायची प्रथा आहे, आणि सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाकडे २० होते.

सांगली महापालिकेवर आणि जिल्हा परिषदेवर इतकी वर्षं प्रशासक का होता?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पंचायतींसाठी ७३ वी आणि शहरांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हाच ठरलं की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. ती पळवाट मुद्दाम बंद केली होती, कारण त्याआधी राज्य सरकारं सोयीनुसार निवडणुका लांबवत असत. तरीही सांगली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महापालिकेची ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि कारभार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रशासकाकडे गेला. महापालिकेचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. नगरपरिषदांचं त्याआधी, २ डिसेंबर २०२५ ला. जिल्हा परिषदेलाही २०२६ साल उजाडलं.

मूळ पेच ओबीसी आरक्षणाचा. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर स्वतंत्र आयोग हवा, मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती गोळा झालेली हवी, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ही माहिती राज्याकडे तयार नव्हती. पुढचं वर्ष ती कुणी गोळा करायला हवी होती, केंद्राने की राज्याने, यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. जुलै २०२२ मध्ये त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि न्यायालयाने त्याप्रमाणे निवडणुका घ्यायला सांगितलं. पण दरम्यान सरकार बदललं होतं, नव्या सरकारने प्रभागांची रचना आणि सदस्यसंख्या बदलली, त्यावर पुन्हा याचिका झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे' आदेश आला आणि सगळं जिथल्या तिथे थिजलं. ६ मे २०२५ रोजी न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा चाक फिरलं. आणि तीही मुदत पाळली गेली नाही.

आरक्षणाचा प्रश्न खरा होता. ओबीसी समाजाला डावलून निवडणूक घेणं अन्यायाचं ठरलं असतं, हे मी मानतो. पण प्रभाग तीन सदस्यांचा की चार सदस्यांचा, यावर वर्षं घालवण्यात कुठल्या समाजाचं भलं झालं? तो हिशोब पक्षांचा होता, आणि दोन्ही आघाड्यांनी आपापल्या वेळी तो मांडला.

प्रशासक आला तर बिघडलं काय? उलट भ्रष्टाचार कमी होत असेल.

प्रामाणिक आणि झटून काम करणारे प्रशासक असतात, याबद्दल वाद नाही. पण प्रशासकाला प्रश्न विचारायला सभागृह नसतं. महासभाही तोच आणि स्थायी समितीही तोच. ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच. घरपट्टीची वाढ असो की रस्त्याचं टेंडर, विरोधात हात वर करणारं कुणी नसतं.

आणि रोजचं म्हणाल तर, पावसाळ्यात गटार तुंबून घरात पाणी आलं की लोक नगरसेवकाच्या दारात जायचे. नगरसेवक काही देवमाणूस नव्हता. पण त्याला पुढच्या निवडणुकीत त्याच गल्लीत यायचं होतं, म्हणून तो फोन उचलायचा, मुकादमाला बोलवायचा, जेटिंगची गाडी आणायचा. प्रशासकाच्या काळात त्याच गल्लीतल्या बायका कार्यालयात गेल्या की अर्ज टाका, टोकन घ्या, साहेब मीटिंगमध्ये आहेत. अर्जाची पोच मिळायची. गाडी कधी येणार हे पोचेवर लिहिलेलं नसायचं.

सरपंच कधी थेट लोकांतून, कधी सदस्यांतून. हा खेळ कशासाठी?

२०१६ आणि २०१७ मध्ये नगराध्यक्ष आणि सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. २०२० मध्ये नव्या सरकारने ते रद्द केलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि थेट निवड परत आली. दोन्ही पद्धतींचे फायदे-तोटे आहेत, त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण गावाच्या कारभाराचा नियम मुंबईतल्या सत्तेबरोबर बदलत राहावा, हे गावाला तुच्छ लेखणं आहे.

आमचे आमदार चांगले आहेत, पण पक्षाविरुद्ध चकार शब्द काढत नाहीत. असं का?

पक्षांतरबंदी कायद्यामुळे, निदान काही प्रमाणात. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मतदान केलं तर आमदारकी जाऊ शकते. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: बंधन मतदानाचं आहे. सभागृहात उभं राहून आपल्याच मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारायला, म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्यावर किंवा उसाच्या थकीत बिलावर लक्षवेधी मांडायला कुठलाही कायदा आड येत नाही. आड येते ती तिकिटाची काळजी. आमदार "पक्षामुळे बोलता येत नाही" म्हणाले, तर त्यांना हा फरक शांतपणे दाखवून द्या.

मग तोच कायदा असताना पक्षच्या पक्ष फुटतात कसे?

एकटादुकटा आमदार सापडतो, मोठा गट निसटतो. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची सवलत काढून टाकली, दोन तृतीयांश आमदारांसह विलीनीकरणाचा रस्ता ठेवला. आणि आमदाराला अपात्र ठरवायचा निर्णय ज्याच्या हाती, तो विधानसभा अध्यक्ष बहुतेक वेळा सत्ताधारी बाजूचा असतो. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला, अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला. तोपर्यंत विधानसभेची मुदत संपायला वर्षही उरलं नव्हतं. निकाल कुणाच्या बाजूने लागला हा वेगळा मुद्दा. तो इतका उशिरा लागला की मतदाराला त्याचा उपयोग उरला नाही. हा अधिकार अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगलीत हे आपण शहरपातळीवरही पाहिलं. २०१८ मध्ये ७८ पैकी ४१ जागा जिंकून भाजप महापालिकेत सत्तेवर आला, आणि २०२१ मध्ये नगरसेवक फुटल्याने महापौरपद राष्ट्रवादीकडे गेलं. ज्यांनी एका चिन्हावर मत दिलं होतं, त्यांना कुणी विचारलं नाही.

पूर्वीचे पुढारी भांडत नव्हते का?

भांडत होते, कडाक्याने भांडत होते. वसंतदादा आणि राजारामबापू यांच्यातला संघर्ष या जिल्ह्याने वर्षानुवर्षं अनुभवला, घराघरांत त्यावरून तट पडले. तेव्हाचं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या गटबाजीत खूप चांगली माणसं वाया गेली.

तरी एक उदाहरण मनापासून द्यावंसं वाटतं. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून नव्वदच्या दशकात आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि शेजारच्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख ही त्यातली मोठी नावं. गणपतराव ११ वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले. सरकार कुणाचंही असो, त्यांची मागणी तीच राहिली. परिषदेत ठराव, मोर्चा, मग सभागृहात प्रश्न, मग पुढच्या वर्षी पुन्हा परिषद. आज आटपाडी, कवठेमहांकाळच्या शिवारात टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी दिसतं त्यामागे अशा लोकांचं न थकता भांडणं आहे. उपसा करायला लागणाऱ्या विजेचं बिल शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. थकबाकी झाली की पंप बंद, आवर्तन (पाण्याची पाळी) बंद. शेवटी ८१ टक्के बिल शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचं, असं ठरलं. हे सूत्र आपोआप आलेलं नाही, ते भांडून घेतलेलं आहे.

जतच्या गावांनी "कर्नाटकात जातो" म्हटल्यावरच सरकार हललं ना? मग तोच मार्ग बरा!

पूर्व जतमधल्या ६५ गावांना मूळ म्हैसाळ योजनेचं पाणी पोहोचत नव्हतं. २०२२ च्या अखेरीस सीमावाद पेटला, कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला, काही गावांनी "पाणी द्या, नाहीतर तिकडे जाऊ" म्हटलं, आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फाइलने वेग घेतला. हे खरं आहे.

त्या गावांना मी दोष देत नाही. अनेक वर्षं अर्ज, निवेदनं, ठराव देऊन कुणी वळूनही पाहिलं नाही, तर माणूस टोकाचं बोलणारच. पण घोषणा झाल्यावर काम कुठवर आलं, पुढच्या वर्षी तरतूद किती, भूसंपादन कुठे अडलंय, हे धमकी देऊन कळत नाही. तिथे पुन्हा तोच कंटाळवाणा रस्ता लागतो: प्रश्न, उत्तर, उपप्रश्न. राग वेळेवर दार उघडतो. आत जाऊन काम करून घ्यायला चिकाटी लागते.

नोटा दाबला तर काही होतं का?

विधानसभा आणि लोकसभेत होत नाही. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे नोटाला सर्वाधिक मतं मिळाली, तर फेरनिवडणूक घ्यावी लागते. फेरनिवडणुकीतही तसंच घडलं, तर मात्र सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी. ही तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे.

निवडून दिलेल्या आमदाराला परत बोलावता येतं का?

नाही. आमदार-खासदारांसाठी तशी तरतूद आपल्याकडे नाही.

ग्रामसभेतही भांडणंच होतात. तिथे जाऊन काय करू?

तरी जा. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गणपूर्तीला गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा लागतो. तेवढीही माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग उरलेल्या पंधरा-वीस जणांत गाव विकलं काय आणि घेतलं काय, कोण विचारणार?

जत तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात भरलेली उन्हाळ्यातली सभा आठवते. सभामंडपाच्या कोनशिलेवर कुणाचं नाव आधी, यावर दोन गट हमरीतुमरीवर आले होते. प्रोसिडिंगची वही उघडी, लिहायला काहीच नाही. मागे बसलेल्या बायकांतून एक आजी उठल्या. म्हणाल्या, "ते दगडावरचं नाव ऱ्हाऊ द्या. टँकरच्या खेपा किती मंजूर हायत आनि येत्यात किती, तेवढं आधी वहीत ल्ह्या." दोन्ही गट गप्प झाले. टँकरची नोंदवही मागवली गेली. तिच्यात खेपा पूर्ण दिसत होत्या आणि सह्या गावातल्या कुणाच्याच नव्हत्या. पुढच्या सह्या कोणत्या बायका करतील, त्यांची नावं त्याच दिवशी ठरावात लिहून घेतली.

दोन्ही गटांकडे आवाज होता. आजींकडे नेमका प्रश्न होता आणि तो वहीत लिहून घ्यायचा आग्रह होता.

आमदारांना पत्र लिहायचं तर काय लिहू?

लांबलचक नको. एका पानावर, एकाच विषयाचं. नमुना असा:

"सन्माननीय आमदार महोदय, मी आपल्या मतदारसंघातला मतदार आहे. गेल्या अधिवेशनात आपण आपल्या भागाबद्दल कोणते तारांकित प्रश्न व लक्षवेधी सूचना दिल्या, त्यांचे क्रमांक व मिळालेली उत्तरे कळवावीत. येत्या अधिवेशनात पुढील प्रश्न विचारावा, ही विनंती: आमच्या गावच्या पोटकालव्याचे काम कोणत्या तारखेपासून बंद आहे, किती निधी शिल्लक आहे आणि काम पूर्ण करण्याची तारीख कोणती? आपले उत्तर आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवणार आहोत."

शेवटचं वाक्य गाळू नका. खाली जितक्या मतदारांच्या सह्या घेता येतील तितक्या घ्या, आणि सत्ताधारी-विरोधी दोन्ही गटांच्या माणसांच्या घ्या. पत्राची पोच घ्या. अधिवेशन लागायच्या बरंच आधी द्या, कारण तारांकित प्रश्नांची मुदत लवकर संपते.

आणि उत्तर आलंच नाही तर?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाची माहिती असते. प्रश्नांच्या यादीत आपल्या आमदारांचं नाव शोधा. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम द्या, ती अर्ध्या तासात करतील. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते, तिच्याकडे आमदारांमार्फत अर्ज सादर करता येतो. आपले आमदार घेत नसतील, तर शेजारच्या मतदारसंघातल्या किंवा विधान परिषदेतल्या आमदारांकडे जा. पाण्याला तालुक्याची हद्द नसते, प्रश्नालाही नसते.

खात्याकडची माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर पहिलं अपील करा. मिळालेला कागद खिशात ठेवू नका. त्याच्या प्रती काढून चावडीवर लावा आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो विषय आधीच लेखी द्या.